आकडा दारातच ठरतो

२०२५च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने आपल्या परदेशी मदतीचा पसारा आवरायला घेतला, तेव्हा त्या तडाख्यात एक फारसे न गाजलेले कामही सापडले. ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ या नावाने १९८४पासून चालत आलेला हा कार्यक्रम नव्वदाहून अधिक देशांतील घरोघरच्या पाहण्यांना पैसा, प्रश्नावल्या आणि तंत्रज्ञ पुरवीत असे. कोणत्या देशात किती मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावतात, किती बाळंतपणे दवाखान्यात होतात, किती स्त्रियांना रक्तक्षय आहे, ही माहिती अनेक गरीब देशांकडे या एकाच वाटेने येत होती. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही त्याच कुळातली. १९९२-९३मध्ये तिची पहिली फेरी झाली आणि २०१९-२१च्या पाचव्या फेरीत तिने ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. भारताचे या मदतीवाचून अडणार नाही, आपल्या पाहण्यांचा खर्च आपण उचलू शकतो, त्यामुळे या घडामोडीकडे ‘तिकडची भानगड’ म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, असे मला वाटते. कारण या प्रसंगाने सामाजिक आकडेवारीच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नेमके काय, हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे आणि त्याचे उत्तर शोधायला ठाणे-नवी मुंबईइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल.

सोयीची म्हणण्याचे पहिले कारण भौगोलिक आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी गाठावी, तिथे सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडावी, खाडी ओलांडली की मानखुर्द आणि त्यापुढचे स्थानक गोवंडी. तिथून जवळच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून तिची स्थापना केली ती आशिया आणि प्रशांत महासागराच्या परिसरातील देशांना लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देण्यासाठी. कुटुंब आरोग्य पाहणीची सूत्रे याच संस्थेकडे असतात. हार्बर मार्गाने रोज ये-जा करणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी किती जणांना ही संस्था ठाऊक असेल, कोण जाणे. आपल्याकडे एखाद्या मॉलची माहिती अधिक असते.

ही संस्था ज्या काळात जन्मली त्या काळात सहकार्याची कल्पनाच वेगळी होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचा पाया घातला, त्याआधी १९४७पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-पद्धतीविषयक उपआयोगात काम करीत होते. १९५०मध्येच कोलकात्यात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झाले आणि आशिया-आफ्रिकेतील सरकारी सांख्यिकी अधिकारी तिथे शिकायला येऊ लागले. सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच सुमारास रोमला, अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि १९७०पर्यंत तिथे राहिले. उत्पादनाचा अंदाज बांधण्यासाठी होणाऱ्या पीक कापणीच्या प्रयोगात भूखंड केवढा असावा यावरून महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात चांगलाच वाद झाला होता. आज तो वाद वाचताना हेवा वाटतो, कारण दोन भारतीय शास्त्रज्ञ मोजण्याच्या पद्धतीवरून भांडत होते आणि त्याकडे जगाचे लक्ष होते. नव्याने स्वतंत्र झालेला, परकीय चलनाची चणचण असलेला हा देश त्या काळी जगाकडून पैसा घेत होता आणि जगाला पद्धत शिकवीत होता.

नंतर सहकार्याचा तोल बदलला. निधी देणाऱ्यांना अहवाल हवा असतो, तोही ठरलेल्या मुदतीत. हे त्यांच्या दृष्टीने चूकही नाही. पण अहवालासाठी दिलेला पैसा अहवालापाशी संपतो. आपल्या कुटुंब आरोग्य पाहणीचेच उदाहरण घ्यावे. आराखडा, प्रश्नावली आणि देखरेख देवनारच्या संस्थेची. प्रत्यक्ष क्षेत्रकाम मात्र निवड झालेल्या निरनिराळ्या संस्थांकडे जाते, त्या तरुण मुलामुलींना गोळा करतात, काही आठवडे शिकवतात, उंची-वजन कसे मोजायचे, बोटातून रक्ताचा थेंब कसा घ्यायचा, जन्मतारखा कशा ताडून पाहायच्या हे त्यांच्या अंगवळणी पाडतात. मुलाखती संपल्या की हा जथा विखुरतो. कुणी विम्याच्या कामाला लागते, कुणी बँकेच्या वसुलीत. चार-पाच वर्षांनी पुढची फेरी येते तेव्हा श्रीगणेशा पुन्हा पहिल्यापासून. यात कुणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. रचनाच अशी आहे की पाहणीत सर्वांत महाग पडणारी गोष्ट, म्हणजे अनोळखी घरात शिरून खरी माहिती मिळविण्याचे कसब, दर फेरीला विकत घ्यायची आणि दर फेरीला टाकून द्यायची. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, यापुढचे सहकार्य अहवालांसाठी नव्हे, अन्वेषकांसाठी, म्हणजे घरोघर जाऊन माहिती विचारणाऱ्यांसाठी व्हावे, आणि भारताने, त्यातही या महानगराने, त्यात घेणाऱ्याच्या नव्हे तर शिकवणाऱ्याच्या जागी उभे राहावे.

अन्वेषकाला एवढे महत्त्व का द्यायचे, हे समजण्यासाठी अपंगत्वाच्या मोजणीकडे पाहावे. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत भारतातील दिव्यांगांचे प्रमाण २.२ टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज सुमारे १६ टक्के आहे. दोन्हींच्या व्याख्या एक नाहीत, त्यामुळे त्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही एवढी तफावत केवळ व्याख्येची नाही, ती विचारण्याचीही आहे. ‘घरात कुणी दिव्यांग आहे का?’ असे दारात विचारले तर घरातला माणूस प्रमाणपत्र आठवतो, लोकांत होणारी चर्चा आठवतो, लग्नाची मुलगी आठवतो, आणि ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. २००१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने ‘वॉशिंग्टन ग्रुप’ म्हणून ओळखला जाणारा जो गट बनला, त्याने हा प्रश्नच बाजूला ठेवला. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? जिना चढायला? गोष्टी लक्षात ठेवायला? स्वतःच्या हाताने आंघोळ करायला, कपडे घालायला? असे सहा साधे प्रश्न आणि प्रत्येकाला चार उत्तरे: अजिबात त्रास नाही, थोडा होतो, बराच होतो, मुळीच जमत नाही. यात लाज वाटण्याजोगे काही उरत नाही, आणि आजी गेली दोन वर्षे जिना उतरून खाली आलेली नाही हे सून सहज सांगून टाकते. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत हा प्रश्न नीट विचारला, तर पालिकेला पुनर्विकासाच्या धोरणात उपयोगी पडेल असे पुष्कळ काही हाती लागेल. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा लाभ असा एकेका प्रश्नाच्या पातळीवर होत असतो. त्याचे उद्‌घाटन होत नाही आणि फोटोही निघत नाहीत.

परंतु चांगला प्रश्न कागदावर असून भागत नाही. इथे पाहण्यांच्या दोन घराण्यांमधला फरक ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकी मदतीने वाढलेल्या आरोग्य पाहण्यांत प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहिलेला असतो आणि अन्वेषकाने तो तसाच वाचायचा असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांत परंपरेने फक्त रकाने असत. प्रश्न कसा विचारायचा, कुठे खोदून विचारायचे, हे अन्वेषकाच्या अनुभवावर सोडलेले असे. हे दुसरे घराणे कायम नोकरीतल्या, वीस-वीस वर्षे त्याच कामात मुरलेल्या माणसांच्या भरवशावर उभे होते. ती माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर कंत्राटी अन्वेषक आले. रकाने तेच राहिले, ते भरणारा हात मात्र बदलला.

उल्हासनगरात किंवा दिव्याच्या चाळीत याचा परिणाम काय होतो ते पाहा. दुपारची वेळ आहे, बाई उंबऱ्याशी बसली आहे, मांडीवर जीन्सचा ढीग आहे आणि ती कात्रीने धागे कापते आहे. नगामागे ठरलेले पैसे, संध्याकाळी शेठचा माणूस येऊन माल नेणार. अन्वेषक विचारतो, ‘ताई, तुम्ही काही काम करता का?’ ती कात्री न थांबवता म्हणते, ‘नाही हो, घरीच असते.’ नवशिका अन्वेषक ‘घरकाम’ लिहून पुढच्या रकान्याकडे वळतो. मुरलेला अन्वेषक ढिगाकडे बोट दाखवून विचारतो, ‘हे दिवसाला किती नग होतात?’ आणि त्या एका प्रश्नाने एक स्त्री देशाच्या श्रमशक्तीत दाखल होते. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर गेला. यातील किती वाढ खरी, किती नाइलाजाने पत्करलेल्या बिनपगारी घरच्या धंद्याची आणि किती विचारण्यातील सुधारणेची, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. माझ्या मते हे मतभेद अहवाल चाळून मिटणार नाहीत. एकाच वस्तीत दोन स्वतंत्र पथके पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहिले तरच ते मिटतील, आणि ही युक्ती परदेशी नाही. महालनोबिस यांनी बंगालमधील ताग-पिकाच्या पाहण्यांपासून परस्परव्यापी नमुन्यांच्या रूपाने तीच वापरली होती. दोन पथकांच्या उत्तरांत अंतर पडले तर ते अंतर वस्तीचे नसून विचारणाऱ्यांचे असते, इतका हा सरळ हिशेब आहे.

दुसऱ्या टोकाला घोडबंदर रोड आणि पाम बीच रोड आहेत. इथे अडचण उत्तराची नाही, दार उघडण्याची आहे. अन्वेषक गेटवर येतो, वॉचमन अ‍ॅपवर नोंद करतो, वरून ‘नको’ असे बटण दाबले जाते आणि सरकारी ओळखपत्र खिशातच राहते. केवायसीच्या नावाने लुबाडणाऱ्या फोनांनी लोक इतके धास्तावले आहेत की त्यांना पूर्णपणे दोषही देता येत नाही. मात्र याचा परिणाम गंभीर होतो, कारण श्रीमंत घरे पाहणीतून गळाली की विषमता आहे त्याहून कमी दिसते. २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत म्हणूनच शहरी घरांची विभागणी घरी मोटार आहे की नाही याच्या आधारे करण्यात आली, ४०५ वस्तूंची यादी तीन प्रश्नावल्यांत वाटून एकाच घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या मारण्यात आल्या. रचना उत्तम आहे. पण ज्या सोसायटीत एकदा आत जाणे मुश्कील, तिथे तीनदा जायचे तर अध्यक्ष-सेक्रेटरींशी बोलणे, नोटीस बोर्डावर पत्र लावणे, संध्याकाळी सातनंतर येण्याची तयारी ठेवणे, हे सगळे प्रशिक्षणाचा भाग व्हावे लागते. साओ पाउलोपासून मनिलापर्यंत सगळी मोठी शहरे उंच कुंपणांच्या सोसायट्यांनी भरत चालली असताना, या एका विषयावर ठाण्यातला अन्वेषक परदेशी सहकाऱ्याला चार गोष्टी शिकवू शकतो आणि त्याच्याकडून चार शिकूही शकतो.

नवी मुंबईची आणखी एक गंमत आहे. श्रमशक्ती पाहणीत निवडलेल्या शहरी घराला एकदा भेटून सोडत नाहीत. ठरावीक अंतराने चार वेळा त्याच घरी जातात, जेणेकरून नोकरी लागली की सुटली हे कळावे. आता घणसोली, कोपरखैरणे, कामोठे येथील भाडेकरूंचे करार अकरा महिन्यांचे. घर तेच, कुटुंब बदलले, असे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत व्हायचेच. जो घर सोडून गेला त्याचीच नोकरी गेली असण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तोच मोजणीतून निसटतो. शिवाय २०११नंतर जनगणना झालेली नाही. तेव्हा ठाणे हा १ कोटी १० लाख लोकसंख्येचा, देशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. त्यातून २०१४मध्ये पालघर वेगळा झाला, २०१६मध्ये खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात पनवेल महानगरपालिका आली, उलवे आणि तळोज्यात माळरानावर मनोरे उभे राहिले. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा नमुनाही २०११च्याच जनगणनेच्या चौकटीतून काढावा लागला. १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेची जनगणना ही उणीव भरून काढील. पण तोवरचे दशकभराचे आकडे आपण किंचित साशंकतेने वाचलेले बरे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मोबाइल, यूपीआय, आधार, रेशन, जीएसटी अशा नोंदींचा समुद्र हाताशी असताना घरोघर फिरायचे कशाला? प्रशासकीय नोंदी उपयोगी आहेत यात शंका नाही आणि त्या पाहण्यांना जोडून घेतल्या पाहिजेत. पण नोंद होते ती सेवेपर्यंत पोहोचलेल्याची. येऊरच्या पाड्यावरची जी मुलगी आरोग्य केंद्रात गेलीच नाही, ती त्या केंद्राच्या रजिस्टरात कुठून येणार? आणि घरातल्या घरात काय चालते, हे तर कोणत्याच सर्व्हरवर नसते. २०२४च्या कालवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे दिसले. हा आकडा कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आदल्या दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारूनच मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: आपल्याच पाहण्या धड होत नाहीत, मग टांझानिया आणि नेपाळच्या लोकांना शिकवण्याचा उपद्व्याप कशाला? मला वाटते, आपल्या पाहण्या सुधारण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे. जो शिकवतो त्याला स्वतःच्या पद्धतीचे समर्थन करावे लागते. २०१७-१८च्या उपभोग खर्च पाहणीचा अहवाल गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने रोखून धरला, तेव्हा देशांतर्गत टीकेला राजकारण म्हणून उडवून लावणे सोपे गेले. परदेशी सांख्यिकी अधिकारी ज्या पाहणीत शिकाऊ म्हणून सामील आहेत, तिचा अहवाल असा गुंडाळून ठेवणे इतके सोपे राहणार नाही. शासकीय सांख्यिकीची संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेली मूलभूत तत्त्वे भारताच्या मंत्रिमंडळाने २०१६मध्ये स्वीकारली आहेत. पद्धत जाहीर असावी, निष्कर्ष सर्वांना सारखेच उपलब्ध असावेत, व्यक्तीची माहिती गुप्त राहावी, हे त्यांचे सार. स्वीकारलेले तत्त्व पाळले जाते की नाही हे पाहणारी चार बाहेरची डोळस माणसे जवळ असणे, हा सहकार्याचा कमी बोलला जाणारा फायदा आहे.

मग करायचे काय? नवी संस्था काढू नये. संस्था आपल्याकडे पुरेशा आहेत. ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत, शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे आहेत, भिवंडीचे यंत्रमाग आहेत, ऐरोलीचे आयटी पार्क आणि तुर्भ्यातला माथाडींचा बाजार आहे. एका जिल्ह्यात इतक्या तऱ्हेची कुटुंबे सापडणे म्हणजे प्रशिक्षणाला आयती प्रयोगशाळा. देवनारच्या संस्थेचे अध्यापक, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा कार्यालय आणि या महानगरपालिका यांनी मिळून जिल्ह्यात काही वस्त्या कायमस्वरूपी प्रशिक्षण-क्षेत्र म्हणून ठरवाव्यात. प्रत्येक पालिकेने थोडे अन्वेषक कायम नेमणुकीवर घ्यावेत, त्यांना पदोन्नतीची वाट असावी आणि त्यात आगरी, कोळी, वारली बोलणाऱ्या मुली आवर्जून असाव्यात, कारण बाळंतपणाबद्दल किंवा मारहाणीबद्दल परक्या पुरुषाला कुणी सांगत नाही. देवनारला शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे क्षेत्रकाम याच वस्त्यांत, याच अन्वेषकांबरोबर, दुभाष्यासह व्हावे. निम्मी घरे एका पथकाने, निम्मी दुसऱ्याने करावीत आणि दोन्हींतील फरक दरवर्षी, लपवाछपवी न करता, जाहीर करावा. हजारो कोटींचे अर्थसंकल्प मांडणाऱ्या पालिकांना हा खर्च जड नाही. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणात तो भागेल, आणि चौक तर आपण दर दोन वर्षांनी नव्याने सुशोभित करतोच.

या पथकाला पहिले काम म्हणून मी भाडेकरूंची पाहणी देईन. अकरा महिन्यांनी घर बदलणारे कुटुंब जिथे जाईल तिथे, म्हणजे घणसोलीतून कळंबोलीला, कळंबोलीतून बदलापूरला, फोन नंबर आणि एका नातेवाइकाचा पत्ता यांच्या आधारे त्याच्या मागे जायचे आणि दर तीन महिन्यांनी भाडे, नोकरी, मुलांची शाळा यांची नोंद करायची. माणसाच्या मागे जाणाऱ्या अशा पाहण्या जगात अनेक देशांनी केल्या आहेत आणि त्यांची तंत्रे शिकवायला तिथले लोक तयारही होतील. आपल्या शहरांत मात्र घराचा दरवाजा क्रमांक मोजला जातो, त्यातून बाहेर पडलेला माणूस नाही.